आधी भाड्याचं बघ, मग हिरोईन हो

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर आकाशपाळण्याच्या रांगेत उभी होते. मागून एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, "अक्का, तू टीव्हीत दिसतीस ना? मला पण हिरोईन व्हायचंय. काय करायचं?" शेजारी तिची आई होती. तिच्या बोटांवर तंबाखूचा तपकिरी डाग होता. तो डाग मी लांबूनही ओळखते, माझ्या अम्माच्या बोटांवर तो चाळीस वर्षं होता.

पाळण्याच्या रांगेत एवढं मोठं उत्तर देता येत नाही. "एक व्हिडिओ करून पाठव," म्हणाले आणि नंबर दिला. बाकीचं इथं लिहिते. तिच्यासाठी आणि पूर्वभागातल्या, विडी घरकुलातल्या, कुठल्याही दोन खोल्यांतल्या तिच्यासारख्या पोरापोरींसाठी.

मी स्टार नाही, हे आधीच सांगून टाकते. मालिकांत आणि सिनेमांत मी नर्स असते, हवालदारीण असते, नायिकेची मावशी असते. बसमध्ये लोक म्हणतात, "तुम्हाला कुठंतरी बघितलंय," आणि त्यातल्या निम्म्यांना मी त्यांच्या बँकेत कामाला आहे असं वाटतं. पण यातून माझं घर चालतं. शिवाय जे स्टार झाले त्यांना मी जवळून बघितलंय आणि जे घरी परतले त्यांना त्याहून जवळून, कारण एकदा मीही परतले होते.

सोसलेलं बाजूला ठेव

अशोक चौकाच्या मागं आमच्या दोन खोल्या. नायना, म्हणजे वडील, कापडाच्या मागावर, अम्मा विड्या वळायची. हजार विड्या म्हणजे काय हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळतं. पानं आदल्या रात्री भिजवायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड मोडायचं. तोंड मोडायचं काम माझं, वय वर्षं नऊ. कारखान्यात तपासणारा हजारातल्या साठ-सत्तर खराब म्हणून बाजूला काढायचा, आणि त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलायचं नाही. मी सातवीत असताना नायना दम्यानं घरी बसला. मग मीही पूर्ण वेळ विड्यांना बसले. शाळा अधूनमधून.

हे सगळं मी पहिल्या ऑडिशनला सांगितलं होतं. न विचारता. सांगताना रडले. समोरच्या ताईंनी पाणी दिलं, थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं. आता सीन कर." सीन मला येईना. मला वाटलं होतं, एवढं सोसलंय तर अभिनय आतूनच येईल. तो येत नाही, शिकावा लागतो. गरिबाघरचं मूल आहे म्हणून कॅमेरा काही सूट देत नाही. तुझी गोष्ट मुलाखतीत सांगायची असते, आणि मुलाखत फार नंतर येते.

गरिबीतून एक गोष्ट कामाला येते, ती म्हणजे हातांची सवय. विडी वळणारी बाई बोलताना खाली बघत नाही, तिची बोटं आपली आपली चालतात. कष्टकरी बाईचा रोल मिळाला की मी आधी तिचे हात काय करतात ते ठरवते, वाक्यं नंतर. हे कुठल्या क्लासमध्ये विकत मिळत नाही, आपल्याकडं घरातच आहे.

पण गरिबी आणखीही एक गोष्ट देते, आणि ती आपल्याला बुडवते: घाई. धाकट्याची फी जूनमध्ये, बहिणीचं लग्न मार्गशीर्षात, म्हणजे मला दिवाळीपर्यंत हिरोईन व्हायला पाहिजे. माझ्याबरोबर मुंबईला गेलेल्या सोलापूरच्या सहा जणांत कमी गुणाचं एकही नव्हतं. सहाही जण घाईनं मागं आले.

सतरा वर्षांचा हिशोब

आपल्या गावची सिनेमातली शशिकला माहीत आहे का? जवळकर घराण्यातली, १९३२ साली सोलापुरात जन्मली. लहानपणी जिल्ह्यातल्या गावोगावी स्टेजवर नाचायची, गायची. वडील पैसेवाले व्यापारी होते. धंदा बुडाला आणि सगळं कुटुंब मुंबईला गेलं, ओळखीच्यांकडं राहिलं, आणि ही पोर काम मागत स्टुडिओ-स्टुडिओ हिंडायला लागली. गायिका-नायिका नूरजहाँची ओळख झाली, आणि 'झीनत' सिनेमातल्या एका कव्वालीत तिला बसायला मिळालं. ते साल १९४५. 'आरती'मधल्या कामासाठी तिला फिल्मफेअर मिळालं तो सिनेमा १९६२ चा. पुढच्याच वर्षीच्या 'गुमराह'साठी पुन्हा मिळालं. २००७ साली पद्मश्री.

मधली सतरा वर्षं मोज. त्या सतरा वर्षांत ती हातावर हात ठेवून बसली नव्हती. मिळतील ती छोटी-मोठी कामं करत होती. आणि जिच्यामुळं नाव झालं ती भूमिका नायिकेची नव्हती, घर फोडणाऱ्या बाईची होती. हिरोईनच व्हायचं म्हणून अडून बसली असती तर आज तिचं नाव मी इथं लिहिलं नसतं.

अतुल कुलकर्णींचं बघ. हरिभाई देवकरण शाळेत शिकले, इथल्याच नाट्य आराधना संस्थेत घडले. १९८९ ते १९९२ राज्य नाट्य स्पर्धा गाजवल्या, मग दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, तिथून १९९५ ला बाहेर. ज्या 'हे राम'साठी पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो २००० सालचा. स्पर्धेच्या स्टेजपासून तिथपर्यंत दहा-अकरा वर्षं.

आता तू म्हणशील, अक्का, आणि रिंकू राजगुरू? अकलूजची शाळकरी मुलगी, पहिलाच सिनेमा 'सैराट' आणि राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख. खरं आहे. पण अकलूजच्या पोरीला ते दार ज्यानं उघडलं तो माणूस बघ. नागराज मंजुळे, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. दहावीला नापास. मग पुण्याला मराठीत एमए, मग नगरला संज्ञापन (मास कम्युनिकेशन) शिकताना केलेला 'पिस्तुल्या' हा लघुपट, त्याला राष्ट्रीय पुरस्कार, मग २०१३ ला 'फँड्री', आणि मग २०१६ ला 'सैराट'. रिंकूचं झालं ते तुझं होईल यावर बेत आखू नकोस. झालं तर पेढे वाट, मलाही पाठव.

पडलीस तर का पडलीस ते लिहून काढ

मी तीनदा मोठी आपटले. दहावीला गणित आणि इंग्रजी गेलं, ऑक्टोबरची वारी केली, सुटले. दुसऱ्यांदा २००१ च्या डिसेंबरात, हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात, राज्य नाट्य स्पर्धेत. दुसऱ्या अंकात पूर्ण ब्लँक. विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य सांगतोय, पुन्हा सांगतोय, पहिल्या तीन रांगांना ऐकू जातंय, आणि मला नाही. समोरच्या नटानं माझी दोन वाक्यं स्वतःच म्हणून सीन ओढून नेला. त्या रात्री पार्क चौकातून घरापर्यंत मी एकटीच चालत आले, कोणाच्या गाडीवर बसले नाही.

तिसऱ्यांदा मुंबई. २००३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसले, आणि आठ महिन्यांनी त्याच गाडीनं परत. गल्लीत उतरले तर मैत्रीण म्हणाली, "काय बे, शूटिंगला सुट्टी का?"

त्यानंतरचे दोन महिने मी फक्त नशिबाला शिव्या दिल्या. मग आमच्या ग्रुपचे दिग्दर्शक सर म्हणाले, "नशीब सोड. तीन कारणं लिहून आण, जी तुझ्या हातातली आहेत." माझी तीन निघाली: भाषा, आवाज, पैसा. तुझी वेगळी असतील, पण लिहून काढल्याशिवाय कळणार नाहीत. "माझ्यात काहीच नाही" हे कारण धरायचं नाही, त्याच्यावर काही उपाय करता येत नाही.

भाषा

मुंबईतल्या एका ऑडिशनला वाक्य होतं, "आई, पाणी दे, माझं डोकं दुखतंय." मी म्हणाले, "माझी डोकं दुखतीय." खोलीतले चौघं हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "भाषा सुधारून ये," एवढंच बोलणं झालं.

आमच्या घरी तेलुगू. तेलुगूत बाई आली आणि पाणी आलं याला क्रियापद एकच. म्हणून आमच्या तोंडी पाणीपण 'आली' आणि डोकंपण 'दुखती'. ळ आणि ण आम्हाला अडत नाहीत, ते तेलुगूत आहेतच. अडतं ते लिंग. कानडी घरातल्या पोरांचं वेगळं अडतं, दखनी उर्दूवाल्यांचं वेगळं. आधी आपलं काय अडतं ते शोधायचं.

मी केलं ते असं. एक वही घेतली, तीन रकाने पाडले: तो, ती, ते. रोज घरातल्या वीस वस्तू. तो तवा, ती परात, ते ताट. तो माग, ती कांडी, ते सूत. मग प्रत्येक वस्तूचं एक वाक्य मोठ्यानं. तीन महिन्यांत साठ-सत्तर पानं भरली. मग च आणि ज. 'चार' माणसांतला च वेगळा आणि गुरांच्या 'चाऱ्या'तला वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहायला एक, बोलायला दोन. रोज सकाळी पेपरचा अग्रलेख मोठ्यानं वाचायचा, आकाशवाणीच्या बातम्या ऐकून निवेदिकेच्या मागोमाग म्हणायच्या. तेव्हा माझ्याकडं टेपरेकॉर्डर होता, तुझ्याकडं मोबाईल आहे. रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. त्याच दिवशी ऐकलं की स्वतःच्या चुका गोड लागतात.

आणि हो, घरची भाषा टाकून देऊ नकोस. मी दोन वर्षं अम्माशीही पुस्तकी मराठीत बोलायला लागले होते. तिनं एक दिवस ताट सरकवलं आणि तेलुगूत म्हणाली, "पाहुण्यांना वाढते मी, तू नंतर जेव." मग बंद केलं. दोन्ही भाषा ठेव, कुठली कधी काढायची ते तुझ्या हातात असू दे.

आवाज

मागाच्या घरातली पोरं मोठ्यानं बोलतात. बोलावंच लागतं, खटखटीत दुसरं ऐकू येत नाही. शिवाय मागावरची माणसं अर्धं बोलणं हातानं आणि ओठांनी करतात. स्टेजवर हे खपतं. हुतात्मामध्ये मी माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे, त्याचं कौतुकही व्हायचं. कॅमेऱ्यासमोर तेच घातक. माईक छातीवर लावलेला नाहीतर डोक्यावर वीतभर अंतरावर असतो. पहिल्यांदा बोलले तेव्हा साउंडवाल्या दादांनी कानावरचा हेडफोन उचलून धरला. आणि क्लोजअपमध्ये माझ्या भुवया, देवा! पडद्यावर चेहरा घराएवढा होतो, भुवई गुंजभर हलली तरी कळते. मी ती हातभर हलवत होते.

सराव सोपा आहे, कंटाळवाणा आहे. फोन एका हाताच्या अंतरावर ठेव. समोर बाळ झोपलंय असं समजून तेच वाक्य म्हण. आवाज खाली आणायचा, पण राग किंवा लाड जेवढा असेल तेवढाच ठेवायचा. इथंच सगळे फसतात, आवाजाबरोबर वाक्याचा जीवही खाली जातो. मग हात मांडीखाली दाबून तेच वाक्य पुन्हा. एका श्वासात एक ते तीसपर्यंत सावकाश मोजायची सवय लाव, म्हणजे वाक्याचं शेवटचं अक्षर गिळलं जाणार नाही. आपल्याकडं क्रियापद शेवटी येतं, ते गिळलं तर 'आहे' की 'नाही' तेच कळत नाही.

पैसा

आता खरं.

पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडं साडेचार हजार होते, अम्माच्या भिशीचे. त्यातले अकराशे पहिल्याच महिन्यात एका 'कोऑर्डिनेटर'नं नेले. कार्ड काढून देतो, पोर्टफोलिओ म्हणजे फोटोंचा अल्बम करून देतो, पुढच्या सोमवारी शूटिंग. सोमवार आला, माणूस आला नाही. उरलेल्या पैशांत मी भाडं बघू की ऑडिशनला रिक्षा करू, यातच आठ महिने गेले. अशा पोटी कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की डोळ्यांत काम मागणं दिसतं, पात्र दिसत नाही.

दुसऱ्यांदा जायच्या आधी अडीच वर्षं सोलापुरात साड्यांना फॉल-बिडिंग केलं, बीए पूर्ण केलं, संध्याकाळी नाटक. चोवीस हजार साठले तेव्हा तिकीट काढलं, २००७ साली. तो आकडा मी हवेतून आणला नव्हता. सहा महिन्यांचं भाडं, मेस, लोकलचा पास, परतीचं तिकीट. आज तूही तसाच कर हिशोब. माझ्या ओळखीच्या मुली चौघींत खोली घेतात, तरी माणशी आठ-दहा हजार भाडं जातं, डिपॉझिट वेगळं. सहानं गुणून बघ. आकडा बघून घाबरलीस तर चांगलंच आहे, अजून एक वर्ष सोलापुरात नाटक कर. तोटा नाही.

आणि सुई-दोरा सोबत नेला. म्हणजे असं काम, जे रात्री करता येतं आणि दिवसा ऑडिशनला मोकळं ठेवतं. कोणी शिकवण्या घेतं, कोणी डबे करतं, कोणी घरबसल्या भाषांतर. दुकानात दहा ते आठ उभं राहायची नोकरी धरलीस की ऑडिशन संपली समज. माझं फॉल-बिडिंग बघून एका ताईंनी मालिकेच्या कॉस्च्युम विभागात मदतनीस म्हणून लावलं. तीन वर्षं मी सेटवर साड्या नेसवल्या, पिना कुठं लावल्या ते लिहून ठेवलं, कारण कालच्या शॉटमध्ये पदर डाव्या खांद्यावर दोन बोटं खाली असेल तर आजही तिथंच पाहिजे. त्या तीन वर्षांत कॅमेऱ्याच्या मागं उभी राहून जे शिकले त्याला फी पडली नाही. उलट पगार मिळाला.

एक लक्षात ठेव, मालिकेत काम मिळालं तरी चेक बहुतेक वेळा नव्वद दिवसांनी येतो. जानेवारीच्या कामाचे पैसे एप्रिलमध्ये. "काम लागलं" म्हणून लगेच घरी पैसे पाठवायचं कबूल करू नकोस. मी केलं होतं. तीन महिने अम्माशी खोटं बोलले.

ऑडिशनची वही

मी एक वही ठेवली होती: तारीख, कशासाठी, कुठलं वाक्य, काय सांगितलं, माझं काय चुकलं. पहिली दोन वाक्यांची नर्स मिळाली, २०१० साली, ती एकतिसावी नोंद. आधीच्या तिसातल्या अठ्ठावीस ठिकाणांहून काही कळलंच नाही. या धंद्यात कोणी तोंडावर 'नाही' म्हणत नाही, फोन येत नाही तेच 'नाही'. त्यामुळं ऑडिशन देऊन बाहेर पडलं की नोंद करायची आणि वही मिटायची. फोनकडं बघत बसलीस तर दुसरी ऑडिशन वाया जाते.

एकदा पंधराव्या की सोळाव्या नोंदीला मागची सगळी पानं वाचली, तर सात ठिकाणी एकच शेरा: "घाई करते." वाक्य संपायच्या आधीच दुसऱ्याच्या तोंडाकडं बघते. पुढच्या पंधरा ऑडिशन मी फक्त ऐकायचा सराव केला.

शिकायचं कुठं

परवडेल आणि मिळेल तर रीतसर शिक. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं, पण पदवी आणि नाटकांचा अनुभव मागतात. म्हणून म्हणते, बीए सोडू नकोस. पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. "पंधरा दिवसांत ॲक्टर" वाल्या क्लासपेक्षा सोलापूरच्या एखाद्या हौशी ग्रुपमध्ये एक वर्ष खुर्च्या उचल, लाईटवाल्याला मदत कर, राज्य नाट्यमध्ये छोटं काम कर. तिथं ब्लँक झालीस तर सांभाळून घेणारा नट असतो. कॅमेऱ्यासमोर तो नसतो.

व्हिडिओ कसा करायचा

आता ऑडिशन बऱ्याचदा घरूनच व्हिडिओवर मागवतात, हे आपल्यासारख्या लांबच्यांना बरं झालं. मोबाईल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, डब्यांवर ठेवून चालेल. मागं साधी भिंत, कॅलेंडर काढून ठेव. खिडकीकडं पाठ नको, तोंड कर. सकाळी नऊ-दहाचा उजेड चांगला. आधी नाव, वय, उंची, गाव, कुठल्या भाषा येतात. भाषांमध्ये तेलुगू जरूर सांग. मग डावी बाजू, उजवी बाजू, हात दाखव. मग सीन. समोर वाक्यं वाचणारं माणूस कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसव, बघायचं त्याच्याकडं, लेन्समध्ये नाही. फिल्टर नाही, मागं संगीत नाही. गडद लिपस्टिक पुस. फोटो चार पुरे: चेहरा, कमरेपर्यंत, पूर्ण उंची आणि एक हसरा, दिवसाच्या उजेडातले. चाळीस हजारांच्या पोर्टफोलिओची गरज नाही, मी कधी केला नाही.

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कोणी फॉर्मचे, कार्डाचे, डिपॉझिटचे मागितले की उठून यायचं. कोऑर्डिनेटरचं कमिशन काम झाल्यावर आलेल्या पैशांतून जातं, आधी नाही. मीटिंग रात्री असेल, हॉटेलच्या खोलीत असेल, "एकटी ये" असेल तर जायचं नाही. त्यातून जाणारं काम गेलं तरी चालेल.

घरच्यांना खोटं सांगून निघू नकोस. आई-नायनांना एकदा तालमीला घेऊन जा, चहा पाज, मग विचार. आणि घरात चौदाच्या आतलं भावंड असेल, त्याला कोणी सिनेमात बोलावलं, तर विचारायचं: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढली का? दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही ना? त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग बँकेत त्याच्या नावावर ठेवणार का? हा कायदा आहे, उपकार नाहीत. मी नऊ वर्षांची विड्यांची तोंडं मोडत होते तेव्हा मला असं विचारणारं कोणी नव्हतं.

हे लिहून होईपर्यंत त्या मुलीचा व्हिडिओ आला. मागं देवाचं कॅलेंडर, फोन उभा, शेजारून मागाची खटखट. ओरडूनच बोललीय. पण मध्ये एका जागी वाक्य संपवून ती थांबलीय, समोरचं माणूस खरंच उत्तर देतंय अशी ऐकतीय. ते मी तीनदा बघितलं. मग लिहिलं: फोन आडवा धर, कॅलेंडर काढ, दुपारी माग बंद असतील तेव्हा कर, आणि पंखा बंद ठेव, ओढणी उडतीय. परत पाठव.